पाच फूट दहा इंचांवरचा खिळा

शुक्रवार, मधली सुट्टी संपल्यावर

प्रिय दादा,

नमस्कार. वाकून केला असं समज, कारण प्रत्यक्षात वाकायला सध्या मला सक्त मनाई आहे. ती कुणी केली आणि का केली, ते पुढे येईलच. तुझी कंबर कशी आहे? वहिनींनी दाढ दाखवली का, की अजून 'उद्या जाते' चाललंय? न्हाणीघराच्या चौकटीला तुझं कपाळ अजून आपटतं का? (मी इथे चित्रकलेच्या खोलीच्या चौकटीला गेल्या तीन वर्षांत इतक्या वेळा आपटलोय की तिथला रंग उडालाय आणि शिपाईमामा नव्या माणसांना तो डाग दाखवतात.) सव्वासहा फुटांची माणसं आपल्या घराण्यात दोनच निघाली, तू आणि मी, आणि दोघांनाही देवाने बुटक्या दारांच्या गावी घातलं. फोन करण्याऐवजी पत्र लिहितोय याचं आश्चर्य वाटून घेऊ नकोस. फोनवर तू 'हं, बोल' म्हणतोस आणि मी बोलायला लागलो की 'थांब, हिला देतो' म्हणतोस. पत्र वहिनींना देऊन टाकलंस तरी पाकिटावर तुझं नाव आहे, वाचावं तुलाच लागेल.

हे मी शाळेच्या पुढच्या ओसरीत एका उंच स्टुलावर बसून लिहितोय. बसून म्हणजे मघापासून चारदा उठलो आणि चारही वेळा सहावीच्या पोरांनी मला परत बसवलं. समोर चौतीस पोरं फरशीवर पालथी पडली आहेत, उद्या सकाळी दहाला संस्थेची माणसं येणार आहेत, आणि माझा तास राहणार की जाणार ते त्यांच्या हातात आहे. अशा वेळी ज्याचं काम आहे त्यालाच गप्प बसवून ठेवणं ही शिक्षा आहे. (पाचव्यांदा उठलो. एका पोराने निळ्यात करडा घातला होता. 'सर, बसा' म्हणाला. बसलो.)

पहिल्यापासून सांगतो. महिन्याभरापूर्वी मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला खोलीत बोलावून सांगितलं की संस्थेच्या सभेत यंदा विषय क्रमांक चार असा आहे की पाचवी ते सातवीचा चित्रकलेचा तास बंद करून तिथे गणिताचा जादा तास घ्यावा. बाई वाईट नाहीत. त्या म्हणाल्या, सभासदांच्या पुढ्यात काहीतरी असं ठेवा की त्यांना बोलता येऊ नये. चित्रकलेचा तास गेला की चित्रकलेचा शिक्षकही जातो, हे त्या बोलल्या नाहीत, पण एरवी विचारत नाहीत त्या बाईंनी मला चहा विचारला, तेव्हाच मी ओळखलं. आणि तुझा भाऊ कसा आहे ते तुला ठाऊक आहे. चहाचा घोट घशाखाली उतरायच्या आत मी सांगून बसलो की सहावीची मुलं शाळेच्या फरशीवर जमिनीखाली जाणारा जिना काढतील, अकरा पायऱ्यांचा, आणि बघणाऱ्याचा पाय पुढे टाकायचा धीर होणार नाही.

ही चित्रं कशी असतात तुला माहीत नसेल. जमिनीवर ती बघितली तर लांबच लांब ओढलेली, वेडीवाकडी दिसतात, पण एका ठरलेल्या जागी उभं राहून एक डोळा मिटला की सगळं जिथल्या तिथे येतं आणि सपाट फरशीत खड्डा पडतो. ती जागा मात्र एकच. दोन पावलं इकडे तिकडे सरकलं की खेळ खलास. म्हणून आधी ती जागा पक्की करायची. मी मागच्या ओसरीत (जिथे जुनी बाकं रचून ठेवलेली असतात आणि कुणी फिरकत नाही) खडूने एक फुली काढली, फुलीवर एक खांब उभा केला, आणि त्याला डोळ्याच्या उंचीवर खिळा मारला. खिळ्याला दोरी बांधली. खांबापुढे एका मोडक्या खिडकीची चौकट उभी करून तिला दोऱ्यांची जाळी विणली. कागदावर जिना आधी तशाच चौकोनांत काढून घेतला होता. एका पोराने दोरी घेऊन जाळीच्या हव्या त्या चौकोनातून ताणत जमिनीपर्यंत न्यायची, दोरी टेकेल तिथे दुसऱ्याने खडूचा ठिपका द्यायचा, आणि तिसऱ्याने ठिपके जोडायचे. फरशी बसवताना तू जी दोरी ताणतोस, तिचीच ही चुलत बहीण. पोरांना मी तुझं नाव न घेता सांगितलंसुद्धा की माझ्या माहितीतला एक माणूस नुसत्या दोरीवर अख्खा दिवाणखाना रेषेत आणतो.

तीन आठवडे काम चाललं. माझा तास, मधली सुट्टी, शाळा सुटल्यावरचा अर्धा तास. मी सगळा वेळ गुडघ्यांवर. दादा, तू वीस वर्षं हे कसं केलंस? माझे गुडघे पहिल्याच आठवड्यात बोलायला लागले. उठताना असा आवाज यायचा की रंगवणारी पोरं वळून बघायची. तेव्हा तुझ्याकडे त्या गुडघ्यांना बांधायच्या जुन्या गाद्या असतील तर पाठवून दे, हे सांगायला हे पत्र लिहायला घेतलं होतं. पण विषय कुठल्या कुठे गेला.

काल, गुरुवारी, शेवटची पायरी रंगवून झाली. मी खांब आणि चौकट हलवून फुलीवर उभा राहिलो, डावा डोळा मिटला, आणि खरं सांगतो, पुढे टाकलेला पाय मागे घेतला. अकरा पायऱ्या खाली गेल्या होत्या. प्रत्येक पायरीच्या काठाला वापरून झिजल्यासारखा उजेड होता. तळाशी एक दार होतं, जरासं उघडं, आणि त्यातून पिवळा प्रकाश शेवटच्या पायरीवर पडला होता. माझ्या हातून इतकं चांगलं काही आजवर झालेलं नाही. मी पोरांची रांग लावली. एकेकाने फुलीवर यायचं, डावा डोळा मिटायचा आणि बघायचं. दिसला जिना? दिसला सर. पुढचा. दिसला सर, खूप खोल आहे. एकजण तर मागच्याचा हात धरून उभा राहिला, तोल जाईल म्हणून. मी इतका खूश होतो की मला त्यांच्या चेहऱ्यांकडे बघायचंच सुचलं नाही.

रांगेत शेवटची होती प्रश्नपत्रिका. हे तिचं वर्गातलं नाव, आणि ते का पडलं हे तिला पाच मिनिटं भेटलं तरी कळतं. ती पोरगी हात मोडून तीन आठवडे घरी होती आणि कालच परत आली होती. फुलीवर उभी राहिली, डोळा मिटला, मग दुसरा मिटून बघितला, मग मान वाकडी केली आणि अगदी साधेपणाने विचारलं, सर, पाय देऊन चेपलेलं हे खोकं कशाचं आहे? तिने एखादं घरचं गुपित पाहुण्यांसमोर बोलून टाकावं तशी बाकीची तेहतीस पोरं तिच्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, नीट उभी राहा. ती नीटच उभी होती. मी म्हटलं, थोडी मागे सर. ती सरकली. शेवटी वैतागून तिला बोटाने दाखवायला मी तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसलो, माझं डोकं तिच्या डोक्याच्या पातळीला आलं, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा मी ते चित्र तिथून बघितलं. चेपलेलं खोकं होतं.

दादा, खिळा मी मारला होता. खांबाला पाठ लावून, माझ्याच डोळ्याच्या उंचीवर. पाच फूट दहा इंच. पोरांचे डोळे सरासरी चार फूट दोन इंचांवर. मधे वीस इंचांची हवा. जिना तिथे होता, अगदी बरोब्बर होता, पण त्या शाळेत फक्त माझ्यासाठी होता. तू असतास तर पहिल्याच दिवशी विचारलं असतंस की माप कुणाचं घेतलंस, आणि मी तुझ्यावर चिडलो असतो. ('गणिताचा जादा तास घ्या' म्हणणारे अगदीच चुकत नाहीत, असं क्षणभर वाटून गेलं. हे कुणाला सांगू नकोस.)

मी मॉनिटरला विचारलं, की बाबा रे, तुला तीन आठवडे काय दिसत होतं? तो खाली बघत म्हणाला, खोकंच सर. पहिल्या दिवशी मी खरं सांगणार होतो, पण तेवढ्यात तुम्ही उठलात आणि तुमच्या गुडघ्यांचा आवाज आला. म्हणून मग आम्ही मधल्या सुट्टीत ठरवलं की दिसतं म्हणायचं. म्हणजे चौतीसातल्या तेहतीस पोरांनी, जी एरवी पेन्सिल कुणाची यावर एकमत करत नाहीत, त्यांनी एका सुट्टीत एकमत केलं आणि पुढे तीन आठवडे जे दिसत नाही ते रंगवत बसली, कुरकूर न करता, काठाला उजेड देत. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो आणि रुमाल शोधत बसलो, आणि तो खिशातच होता.

मग सुरू झाली धावपळ. फुलीवर स्टूल ठेवून पोरं चढवावी म्हटलं, तर मोठ्या बाई नेमक्या तेव्हाच तिथून चालल्या होत्या. (गेल्या वर्षी कुणीतरी स्टुलावरून पडून दात पाडून घेतला होता.) स्टूल जप्त झालं. संस्थेच्या अध्यक्षांना स्टुलावर चढवायचा विचारही मनात आणायचा नाही, असं बजावलं. त्यांना मी विचारलं, बाई, तुम्हाला काय दिसत होतं? त्या जेमतेम पाच फूट आहेत. रंग छान आहेत म्हणाल्या. गणिताचे सर तर रोज जाता येता 'वा' म्हणायचे, त्यांना कुठे उभं राहायचं हेसुद्धा माहीत नव्हतं. शेवटी मी माझ्या उंचीवरून मोबाइलवर फोटो काढून पोरांना दाखवला. मॉनिटरने सुटकेचा निःश्वास टाकला, म्हणजे खरंच होता होय, म्हणाला. प्रश्नपत्रिकेने फोटो बघितला आणि म्हणाली, फोटोत काय, काहीही दाखवता येतं.

पण मार्गही तिनेच काढला. खिळा उपटा आणि माझ्या डोळ्याशी मारा. अकरा पायऱ्या जमणार नाहीत, पाच काढू. मागच्या नको, पुढच्या ओसरीत काढू. मी म्हटलं, एका दिवसात? ती म्हणाली, तुम्ही मधे मधे आला नाहीत तर. बाकीच्यांनी माना डोलावल्या. खिळा तिने स्वतः मारला, बऱ्या हाताने, चार फूट दोन इंचांवर, आणि मला जप्त केलेलं स्टूल परत आणून दिलं. तर आता मी इथे आहे. मी वाकायचं नाही, गुडघ्यांवर बसायचं नाही, विचारल्याशिवाय बोलायचं नाही. चौथी पायरी चालू आहे. सावली उलट्या बाजूला पडत्येय असं मला इथून दिसतं, पण इथून दिसण्याला काही अर्थ नाही हेही मला आता कळलंय, आणि तरी जीव राहत नाही. (सहाव्यांदा.)

शनिवार, दुपार

काल पत्र अर्धवट ठेवावं लागलं, कारण रंग संपला आणि आणायला मलाच पिटाळलं.

आज दहाला यायची ती माणसं पावणेअकराला आली. चार सभासद आणि अध्यक्ष. मी रात्रभर ठरवलेलं भाषण मनातल्या मनात म्हणत होतो, पण ते म्हणायची पाळीच आली नाही. फुलीपाशी प्रश्नपत्रिका उभी होती, हातात फूटपट्टी. चित्र लहान मुलांच्या डोळ्यांच्या मापाचं असल्यामुळे मोठ्यांना वाकूनच बघावं लागेल, असं तिने सांगितलं. सभासद एकमेकांकडे बघायला लागले. अध्यक्षांनी हसून गुडघ्यांवर हात टेकले आणि थोडे वाकले. ती म्हणाली, अजून, आजोबा. ते अजून वाकले. तिने फूटपट्टी त्यांच्या कानाशी धरून बघितली. अजून चार बोटं. मोठ्या बाईंचा चेहरा बघवत नव्हता. आता डावा डोळा मिटा, ती म्हणाली, आणि अध्यक्षांनी मिटला.

मग अध्यक्ष स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, अरे, हा खाली जातोय की. आणि तसेच वाकून बघत राहिले. मला वाटलं, चित्र आवडलं. चित्र आवडलंच होतं, पण त्याच वेळी त्यांच्या कमरेत उसणही भरली होती.

माणूस सरळच होईना. मी एका बाजूने, शिपाईमामा दुसऱ्या बाजूने, पण वर ओढलं की कळ. शेवटी त्यांनीच सांगितलं की असंच सभेच्या खोलीपर्यंत न्या. तर अध्यक्षांची मिरवणूक तशी निघाली, कमरेतून दुमडलेली, बाकी सभासद मागून, आणि प्रश्नपत्रिका फूटपट्टी घेऊन पुढे. वाटेत सूचनाफलक लागला. अध्यक्ष थांबले आणि म्हणाले, यावरचं काहीच वाचता येत नाही. ती म्हणाली, आम्हालाही येत नाही. पुढे पाण्याचे नळ लागले, ते त्यांच्या कपाळाशी आले. टोप्या अडकवायच्या खुंट्या लागल्या, त्या तर दिसल्याच नाहीत. प्रत्येक ठिकाणी ते थांबत आणि तिला विचारत, आणि ती, तुला सांगतो, एका प्रश्नाला तीन उत्तरं देत होती. वीस पावलांची वाट पाऊण तासात झाली.

खोलीत शिपाईमामांनी मलम चोळलं तेव्हा ते कसेबसे सरळ झाले. मग सभा. सूचनाफलक खाली आणण्याचा ठराव, नळ खाली आणण्याचा ठराव, खुंट्यांचा ठराव. त्यात किती फूट, किती इंच यावर वाद, आणि त्यासाठी प्रश्नपत्रिकेला दोनदा आत बोलावणं. विषय क्रमांक चार येईपर्यंत अध्यक्षांना घरी जाऊन आडवं व्हायचं होतं. मोठ्या बाईंनी इतिवृत्त दाखवलं मला: 'विषय क्रमांक चार वेळेअभावी पुढील वार्षिक सभेत घ्यावा.' माझा तास एक वर्ष वाचला, आणि तो चित्रामुळे वाचला की उसणीमुळे, हे मी बाईंना विचारलं नाही. मोठ्या बाईंनी परत चहा विचारला. या वेळी तो नुसता चहा होता.

सगळं छान झालं. पोरं नाचली. मी पण खूश आहे. काल दिवसभर स्टुलावर काढल्यामुळे मला आता बसवत नाही, तो वेगळा विषय. वहिनींना नमस्कार सांग, दाढेचं मनावर घ्यायला सांग, आणि तू कंबर सांभाळ, विशेषतः वाकून काही बघत असशील तर.

तुझा धाकटा

ता. क. मागच्या ओसरीतला तो पहिला जिना धुऊन काढायचा हुकूम सुटलाय. एका शाळेला एक खड्डा पुरे, असं बाईंचं म्हणणं, आणि ते बरोबर आहे. शिपाईमामांना गयावया करून मी पुढच्या रविवारपर्यंतची सवलत मिळवली आहे. सोमवारी सकाळी ते बादली घेऊन येणार.

ता. क. २. गुडघ्यांच्या गाद्या पाठवू नकोस. त्या मला हव्या होत्या हे खरं, पण त्यासाठी कुणी सहा पानं लिहीत नाही. दादा, तो जिना उभं राहून बघू शकेल असा माणूस या गावात नाही. पोरांनी तो रंगवला आणि तो त्यांना दिसला नाही. बाईंना रंग दिसले. फोटो मी तुला मुद्दाम पाठवलेला नाही, फोटोत काय, काहीही दाखवता येतं. माझ्या उंचीचा माझ्या ओळखीत एकच माणूस आहे. तू माझ्यापेक्षा अर्ध्या इंचाने जास्त आहेस, तेवढी मान आत घे. रविवारी सकाळी आलास तर उजेड उजवीकडून येतो, तेव्हा तळाचं दार सगळ्यात चांगलं दिसतं. पाच मिनिटं लागतील. जेवायला थांबलास तर आनंदच आहे.

ता. क. ३. तुला जिना दिसला नाही, चेपलेलं खोकं दिसलं, तर खोकं म्हण. मला सांभाळून घेणारी तेहतीस माणसं आहेत, चौतीसावं नको.

ता. क. ४. येताना बूट घालून येऊ नकोस, चपला घाल. शाळेत असल्यापासून मी तुला जे जे काढून दाखवलं, ते तू निघायच्या वेळी खाली वाकून बुटाच्या नाड्या बांधता बांधता 'छान आहे' म्हणून पाहिलं आहेस. या वेळी तुला सरळ उभं राहावं लागेल.